हेरकथेची गोडी आणि पुराव्याची चाड

एकाच वस्तूचा उपभोग जसजसा वाढत जातो, तसतशी तिच्या पुढील नगापासून मिळणारी उपयोगिता घटत जाते, हा अर्थशास्त्रातील एक प्राथमिक सिद्धान्त होय. वाङ्मयात तो हेरकथेला सर्वांत आधी लागू पडावयास हवा. खुनी कोण, हे एकदा कळले की तिच्यात उरतेच काय? परंतु अनुभव उलट आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सची अखेर केली; वाचकांच्या आग्रहापुढे नमून १९०३ साली त्यांना त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर १९५२ साली आले आणि करोनाच्या साथीतील खंड सोडला, तर आजही चालू आहे. मराठीतही बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी सामान्य वाचकाला वाचनाचे वेड लावले. या टिकाऊ मागणीचे मर्म कशात आहे?

याचे रूढ उत्तर असे की, हेरकथा मनाला दिलासा देते. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर इंग्लंडमध्ये तिला बहर आला. विस्कटलेली घडी शेवटच्या प्रकरणात नीट बसते आणि वाचक निश्चिंतपणे झोपी जातो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. १९२६ साली ख्रिस्तींची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिकेने फसविले, अशी तक्रार काही वाचकांनी केली. इतरांनी तितक्याच हिरिरीने तिची बाजू घेतली. वस्तुतः कादंबरीत गुन्हेगार सापडतो, घडीही बसते. केवळ दिलासाच हवा असता, तर या वादाला कारण नव्हते. वाद होता तो पुरावा प्रामाणिकपणे वाचकापुढे ठेवला गेला की नाही, याविषयी. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली या कथांसाठी दहा नियम सांगितले, त्यांचा गाभाही हाच आहे: दैवी चमत्कार नकोत, अकस्मात झालेला साक्षात्कार नको, हेराला मिळालेला धागा वाचकापासून दडविणे नको. सारांश, निर्णय देणाऱ्याने निर्णयाची कारणेही दिली पाहिजेत, असा हा करार आहे.

या करारातच पुनर्वाचनाच्या आनंदाचे मूळ आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो, परंतु कुत्रा भुंकत नाही. त्या न भुंकण्यावरून होम्स ताडतो की, येणारा मनुष्य कुत्र्याच्या ओळखीचा होता. उत्तर ठाऊक असूनही हा तर्क पुन्हा वाचावासा वाटतो. कारण न घडलेली गोष्टसुद्धा पुरावा असू शकते, ही जाणीव शिळी होत नाही.

हा केवळ बुद्धीचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी जॉर्ज एडलजी यांचे प्रकरण आठवावे. मुंबईकडून इंग्लंडमध्ये जाऊन धर्मोपदेशक झालेल्या मूळच्या पारशी गृहस्थांचे ते चिरंजीव, व्यवसायाने सॉलिसिटर. १९०३ साली एका तट्टाला रात्री जखमी केल्याच्या आरोपावरून त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटका झाली, पण कलंक गेला नाही. डॉइल त्यांना भेटावयास गेले, तेव्हा एडलजी वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचीत होते. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोख्या रात्री शेते आणि लोहमार्ग ओलांडून असे कृत्य कसे करील, असा प्रश्न डॉइल यांनी १९०७ साली वृत्तपत्रातून सरकारला विचारला. एडलजींना माफी मिळाली. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. निनावी पत्रे त्यांनीच लिहिली, हा ठपका चौकशी समितीने कायम ठेवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करण्याचा कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता.

कथेत चूक करणारा पोलीस अधिकारी अखेर मान खाली घालतो. व्यवहारात सत्ता अर्धीच चूक कबूल करते. हेरकथेचे दोष उघड आहेत. तिच्यात मृताविषयी शोक थोडा आणि कुतूहल फार. गडीमाणसांना तर सहसा पार्श्वभूमीपलीकडे स्थान नाही. तरीही ज्याच्यावर सर्वांचा संशय, तोच दोषी असे मानण्याची घाई करू नये, एवढा एक संस्कार ती अडीचशे पानांत सहज करून जाते. आज हातातल्या मोबाइलवर आरोप, साक्ष आणि शिक्षा ही तिन्ही कामे एका घटकेत उरकली जातात. अशा काळात शेवटच्या पानापर्यंत निकाल राखून ठेवावयास शिकविणारे वाङ्मय वाचणे हा वेळेचा अपव्यय खास नव्हे.