सिद्धगडाचा कॅमेरा कोणाच्या खांद्यावर?

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याची ही शोकांतिका. तिच्यावर २०२० साली 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी चित्रपट आला. शीर्षकाविषयी माझी तक्रार नाही. माथेरानच्या नाभिक कुटुंबातून वकील झालेल्या या माणसाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी किती ओळी दिल्या, हे एकदा मोजावेच.

तक्रार आपल्या एकूण नजरेविषयी आहे. मुरबाड-शहापूरच्या या डोंगरांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहतात. दस्ता रानात वावरला म्हणजे वाटा कोणाला ठाऊक होत्या? भाकरी कोणाच्या तव्यावरची? पोलीस वाडीत शिरले तेव्हा दारात कोण उभे होते? हे प्रश्न विचारले, की वीरकथेची चौकट कुरकुरू लागते.

आपल्या उत्तम चित्रपटांचेही तेच. 'जैत रे जैत' (१९७७) मला प्रिय आहे. पण त्यातले ठाकर गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतून आले आणि महानोरांच्या शब्दांत गायले. तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेल्या 'आक्रोश'मध्ये (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ मुकाच. बोलतो तो त्याचा वकील. हे मौन म्हणजे प्रखर आरोप आहे, हे मान्य. पण आदिवासी एकदा गातो आणि एकदा गप्प राहतो, बोलत मात्र नाही, हा योगायोग समजायचा काय? (आणि बोललाच, तर 'हाय-न्हाय'च्या त्या सार्वत्रिक बोलीत, जी कुठल्याच पाड्यावर बोलली जात नाही.)

त्याच महायुद्धावर सेनेगलच्या उस्मान सेम्बेनने १९७१ साली 'एमिताई' केला. फ्रेंच फौज गावातली तरुण मुले नेते, मग तांदूळ मागते. बायका तो लपवतात आणि उन्हात बसवल्या जातात. नायक असा कोणी नाही. आहे ते गाव, आपल्या जोला भाषेत आपसांत वाद घालणारे, देवांवर संतापणारे. फ्रेंच अधिकारी बाहेरून आलेला दिसतो, कारण कॅमेरा आत आहे.

"पण आदिवासी दिग्दर्शक आहेत कुठे?" असे आमचे प्राध्यापक मित्र विचारतात. सेम्बेन मार्सेच्या गोदीतला हमाल होता. कादंबऱ्या लिहून झाल्यावर त्याला कळले, की ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना फ्रेंच वाचता येत नाही. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर तो मॉस्कोला चित्रपट शिकायला गेला. आपल्याकडे त्या पोरासाठी प्रवेशअर्ज कोणत्या भाषेत छापला जातो, तेवढे सांगा.