गिटार वाजविणाऱ्यानें बेस कोणती घ्यावी?

जून महिन्यांत शाळा उघडली, कीं वाद्यवृंदांत नांव नोंदविण्यासाठीं मुलें येऊं लागतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या पाठीवर गिटारच असते. नाताळच्या गीतांच्या तालमी सुरू झाल्या म्हणजे असें दिसून येतें कीं, गिटारी चार आहेत, ड्रम आहेत, कीबोर्ड आहे, गाणारीं मुलें तर पुष्कळच आहेत. परंतु खर्ज धरणारा एकही नाहीं. मग त्या चौघांतील एकास बाजूस बोलावून आम्हांस सांगावें लागतें, "बाळ, यंदा तूं बेस धर." हें ऐकतांच त्याचें तोंड उतरतें. चौघांत आपण उणे ठरलों म्हणून आपणांस मागें ढकललें, असें त्याच्या मनांत येतें. चार दिवसांनीं त्याचे वडील भेटावयास येतात. दोन वर्षांपूर्वीं पोटास चिमटा घेऊन त्यांनीं मुलास गिटार घेऊन दिलेली असते. आतां दुसरें वाद्य, तेंही पहिल्याहून महाग, कशासाठीं, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. पितापुत्र दोघांसही तोंडीं सांगतां सांगतां जें राहून जातें, तें येथें लिहून ठेवीत आहों.

आधीं मुलाच्या मनाचें पाहूं. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरचे बीटल्स हे वादक एके काळीं जर्मनींत हँबुर्ग येथील क्लबांत रात्र रात्र वाजवून पोट भरीत असत. १९६१ सालीं त्यांचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ हा चित्रकलेच्या अभ्यासासाठीं त्यांच्यांतून बाहेर पडला. मागें राहिलेल्यांत गिटार वाजविणारे तिघे होते, आणि त्यांतील एकासही बेस नको होती. शेवटीं ती पॉल मॅकार्टनी याच्या गळ्यांत पडली. फेंडर कंपनीच्या बेसला त्या वेळीं सुमारें १०० पौंड पडत. तेवढी रक्कम त्यास परवडणारी नव्हती. हॉफ्नर या जर्मन कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची एक बेस सुमारें ३० पौंडांस मिळाली, ती त्यानें घेतली. तो डावखुरा होता. त्या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळें डावखुऱ्याच्या हातीं तें विचित्र दिसत नसे, हेंही पसंतीचें एक कारण झालें. बीटल्सच्या पहिल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत जो खर्ज ऐकूं येतो, तो याच स्वस्त वाद्याचा आहे. तें १९७२ सालीं लंडनमध्यें चोरीस गेलें होतें. तें मालकाच्या हातीं परत आल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें, तेव्हां जगभरच्या वर्तमानपत्रांनीं ती बातमी छापली. तीस पौंडांच्या वस्तूसाठीं एवढा गाजावाजा क्वचितच झाला असेल. अमेरिकेंतील कॅरल के या बाईही मूळच्या गिटारवादक. १९६३ सालीं लॉस एंजलिस येथें एका ध्वनिमुद्रणास नेमलेला बेसवाला आलाच नाहीं, म्हणून त्यांनीं बेस हातीं घेतली. पुढें त्यांचें नांव झालें तें बेससाठींच. तेव्हां ज्या मुलास आम्ही बाजूस बोलावितों, त्यानें निदान एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, ज्याचा ठेका पक्का व कान खालच्या सुराकडे आहे, त्यालाच आम्ही बोलावितों. बोटें भरभर चालणारा मुलगा आम्ही तेथें कधींच बसविणार नाहीं.

आतां वडिलांकडे वळूं. "गिटार आहेच, तिच्याच जाड चार तारा वाजव म्हणजे झालें," असें एका गृहस्थांनीं आम्हांस सुनावलें होतें. त्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. बेसला चार तारा असतात आणि त्या गिटारच्या जाड चार तारांच्याच नांवांच्या, मात्र एक सप्तक खालीं लाविलेल्या. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते, बेसची सुमारें ४१. म्हणून सूर कोठें सांपडतात हें गिटारवाल्यास पहिल्याच दिवशीं ठाऊक असतें, आणि प्रथम दोन महिने त्यानें घरीं आपल्या गिटारच्या त्या चार तारांवर व शाळेंत शाळेच्या बेसवर सराव करावा, असाच आमचाही आग्रह आहे. तेवढ्या अवधींत ज्याचा उत्साह मावळला, त्याच्या वडिलांचे पैसे वांचले. टिकला, तर खरेदीचा विचार करावा. कारण अर्धें खरें नसलेलें जें आहे, तें तेथून पुढें आडवें येतें.

तें आहे हाताचें. लिओ फेंडर यानें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत प्रिसिजन नांवाची बेस विक्रीस आणली. त्यापूर्वीं खर्जाचें काम माणसाएवढ्या उंच डबल बेसकडे असे. त्या वाद्यास पडदे नसल्यामुळें सूर नेमका धरणें हें वर्षांचें काम होतें. फेंडरनें सतारीस असतात तसे पडदे गिटारच्या धर्तीवर बसविले, आणि सूर नेमका लागतो म्हणून तिचें नांव तसें ठेविलें. तिच्या मोकळ्या तारेची लांबी त्यानें ३४ इंच ठेविली, आणि आजही दुकानांत टांगलेल्या बहुतेक बेस त्याच लांबीच्या असतात. फेंडरच्याच गिटारची तार २५॥ इंचांची आहे. दांडीच्या टोकापासून पहिल्या पडद्यापर्यंतचें अंतर गिटारवर दीड इंचाहून किंचित् कमी असतें, तर या बेसवर तें १.९ इंच होतें. चार पडद्यांवर चार बोटें ठेवण्याची जी संवय मुलानें दोन वर्षें लाविली, ती या वाद्यावर खालच्या पडद्यांत मोडून पडते, मनगट वांकडें होतें, आणि पंधरा मिनिटांत हात दुखूं लागतो. मुलास वाटतें आपणांस जमत नाहीं. खरें पाहतां वाद्य त्याच्या हाताचें नसतें.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, आठवी-नववींतील, अजून वाढीस लागलेल्या मुलानें किंवा मुलीनें ३० इंची तारेची बेस घ्यावी. आखूड बेस हें पोरांचें खेळणें आहे, असें दुकानदार सांगतात आणि थोरलीं मुलें तर हंसतातच. त्यांस सांगावें, मॅकार्टनीची हॉफ्नर ३० इंचीच होती. याहून लहान हात असल्यास आयबनीज कंपनीची २८.६ इंची बेसही मिळते. आखूड तारेचे दोष नाहींत असें नाहीं: सर्वांत जाड तार थोडी ढिली लागते, तिचा आवाज कांहींसा बसका येतो, दुकानांत नमुने थोडे असतात, आणि तारा बदलतांना त्याच लांबीच्या मागवाव्या लागतात. पण बसक्या आवाजानें वाजविणारा मुलगा हा न वाजविणाऱ्या मुलाहून बरा. मॅट्रिकच्या वयाच्या, उंच्यापुऱ्या मुलाचा प्रश्न निराळा. त्यानें खुशाल ३४ इंची घ्यावी. फेंडरनें १९६० सालीं जॅझ बेस म्हणून दुसरा नमुना काढला, त्याची दांडी टोकाशीं अवघी दीड इंच रुंद असते. गिटारवरून येणाऱ्या हातास प्रिसिजनच्या रुंद दांडीपेक्षां ती लवकर वश होते, असा आमचा अनुभव आहे. याच धर्तीचीं स्वस्त वाद्यें पुष्कळ कंपन्या करतात. फेंडरचें स्वस्त नांव स्क्वायर, त्याखेरीज यामाहा, आयबनीज, कोर्ट यांपैकीं कोणतेंही चालेल. या दर्जाच्या वाद्यांत नांवापेक्षां हातीं आलेला नमुना कसा आहे हेंच अधिक पाहावें.

हें शहाणपण आम्हांस फुकट आलेलें नाहीं. आम्ही स्वतः गिटारवरून बेसकडे वळलों, तेव्हां एका दुकानांत एक पांच तारांची, काळ्याभोर झिलईची बेस पाहून भाळलों. चारांऐवजीं पांच तारा म्हणजे अधिक माल, असा हिशेब केला. तिच्या आंत नऊ व्होल्टची बॅटरी होती व वर पांच खुंट्या गोल फिरवावयाच्या होत्या. घरीं आल्यावर कळलें कीं, ती पाठ मोडावी इतकी जड आहे, दांडी हातांत मावत नाहीं, पांचव्या तारेचा कार्यक्रमांत एकदांही उपयोग होत नाहीं, उलट ती न वाजतां गुणगुणूं नये म्हणून आंगठा तिच्यावर धरून बसावें लागतें. आणि ऐन कार्यक्रमांत बॅटरी संपली तेव्हां वाद्य मुकें झालें. वर्षाच्या आंत ती निम्म्या किमतीस विकली. तेव्हां चार तारा, बॅटरीवांचून चालणारें साधें वाद्य, आणि रंग कोणताही.

दुकानांत गेल्यावर काय पाहावें तें मुलानें लिहून न्यावें, कारण तेथें भान राहत नाहीं. पट्टा गळ्यांत घालून उभें राहावें व दोन्ही हात सोडावे. दांडी खालीं झुकूं लागली, तर तीं दोन-तीन शेर वजन जन्मभर डाव्या हातानें तोलावें लागणार. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून पाहावा. मधेंच एखादा सूर खणखणतो काय, किंवा लागतांच मरतो काय, हें ऐकावें. सर्वांत बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा मेलेला सूर चांगल्या वाद्यांतही सांपडतो, म्हणून तेथें विशेष कान द्यावा. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा सूर, आणि त्याच जागीं तारेस नुसतें बोट टेकवून येणारा सूर, हे दोन्ही एकच आहेत कीं नाहीं पाहावें. ते थोडे वेगळे असतील तर घोडीवरील खिळे फिरवून जुळवितां येतात. जुळेपर्यंत दुकानांतून हलूं नये. दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांतल्या दमट हवेंत, दांडी वांकली तर तीच सळई पिळून सरळ करावी लागते. ती फिरते कीं गंजून बसली आहे, हें जुनें वाद्य घेतांना आधीं विचारावें. जुन्या वाद्यास आमचा विरोध नाहीं. हौसेनें घेऊन सहा महिन्यांत पलंगाखालीं टाकलेल्या बेस प्रत्येक मोठ्या गांवांत आहेत, आणि त्यांना नव्याच्या निम्मी किंमतही कोणी देत नाहीं.

पैशांचें सांगावयाचें तर, बरें नवें वाद्य आज वीस हजार रुपयांच्या आगेमागें मिळतें. पालकांची चूक येथें होते, कीं ठरविलेले सर्व पैसे ते वाद्यावर घालतात आणि मुलगा घरीं येऊन तें गिटारच्या जुन्या अँप्लिफायरला जोडतो. मोठ्या आवाजांत खर्ज वाजविला, कीं त्याच्यांतील स्पीकरचा पडदा फाटूं शकतो. मग दोन वस्तू दुरुस्तीस जातात. जवळ पंचवीस असतील तर वाद्य सोळा-सतरांतच पाहावें व उरलेल्यांत बेससाठीं केलेला लहान अँप्लिफायर घ्यावा. तेंही जमत नसेल, तर पहिल्या वर्षीं कानांत घालण्याचे हेडफोन व ते जोडण्याची एक लहान पेटी पुरेशी आहे. शेजारीही दुवा देतील. हजार-पंधराशें रुपये मात्र कारागिराकडून वाद्य जुळवून घेण्यासाठीं बाजूस ठेवावे. तारा पडद्यांपासून हव्या तेवढ्या खालीं आणल्या, तर स्वस्त वाद्य असें वाजतें कीं घेतलें तेंच हें, यावर मुलाचा विश्वास बसत नाहीं.

एक गोष्ट मुलें नेहमीं विचारतात: बेस बोटांनींच वाजवावी लागते काय? गिटारवर दोन वर्षें पट्टीनें वाजविलें तें फुकट गेलें काय? नाहीं. कॅरल के यांनीं आयुष्यभर बेस पट्टीनेंच वाजविली. बोटांनीं वाजविण्याची कला हळूहळू शिकावी. पण पहिल्या नाताळास जें येतें त्यानेंच वाजवावें.

राहतां राहिली ती जुनी गिटार. ती विकून बेससाठीं पैसे उभे करावे काय, असें पालक विचारतात, आणि या एका बाबतींत आम्ही हट्टी आहों. तिला येऊन येऊन येणार किती? ज्यास स्वरमेळ गिटारवर दिसतात, त्यास खर्जाचा पुढचा सूर कोणता हें दुसऱ्यांपेक्षां आधीं कळतें. तें दिसणें बंद करून त्याच्या हातीं दुसरें वाद्य कशाला द्यावें? शिवाय, ज्या गृहस्थांनीं आम्हांस चार तारांचें ऐकविलें होतें, त्यांनीं गिटार विकली नाहीं. त्यांचा मुलगा तालमीस निघाला, कीं धाकटी बहीण ती खुंटीवरून काढते, आणि यंदाच्या जूनमध्यें नांव नोंदविणाऱ्यांच्या रांगेंत ती उभी होती.