उन्हाळी भाजीपाला आणि नवशिक्याची धास्ती

पौष संपत आला कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. गव्हावरील तांबेरा व हरभऱ्याच्या घाट्यांतील अळी यांविषयींच्या पृच्छा मागें पडतात, आणि ज्यांनीं आजवर ज्वारी, गहूं व ऊस यांपलीकडे फारसें कांहीं केलें नाहीं असे सभासद ‘यंदा थोडी उन्हाळी भाजी करावी म्हणतों’ असें लिहूं लागतात. त्या वाक्यामागें शंकांची रांगच उभी असते. बीं उगवेल काय? रोग पडेल काय? फुलें गळतात असें ऐकतों, त्यावर कोणतें औषध आधींच आणून ठेवावें? शंका रास्त आहेत आणि त्या विचारणाऱ्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ह्या पत्रांत एक प्रश्न जवळजवळ कधींच आढळत नाहीं. तो असा कीं, आमच्या विहिरीवर वैशाखांत किती गुंठे भाजी जगेल? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं नवशिक्यास धास्ती बाळगावयाचीच असेल तर ती ह्या एका प्रश्नाची बाळगावी, आणि त्याचें उत्तर आंकड्यांत हातीं आल्यावांचून बियाची पुडी फोडूं नये.

थंड देशांत वसंत ऋतु म्हणजे बर्फ वितळून जमीन ऊब धरूं लागण्याचा काळ. तेथील बागाईतदारास भय असतें तें उशीरां पडणाऱ्या हिंवाचें. आपल्याकडे चैत्रांत आंब्याला पालवी फुटते खरी, पण शेताच्या दृष्टीनें तो उन्हाळाच होय. तिकडच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून ‘वसंतांतील लागवड’ करूं पाहणाऱ्या तरुण सभासदांनीं हा फरक प्रथम ध्यानांत घ्यावा. आपलें पीक माघाच्या थंडींत उगवतें, फाल्गुनांत वाढतें आणि ज्या वेळीं त्यास सर्वांत अधिक पाणी हवें असतें नेमक्या त्याच वेळीं विहीर तळ गांठूं लागते. जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर या मुदतींत टोकलेली भेंडी सुमारें दीड महिन्यानें तोड्यास येते आणि पुढें दीड-दोन महिने फळ देत राहते. म्हणजे पेरणीच्या दिवशीं दिसणाऱ्या पाण्यावर ह्या पिकाचा कांहींच हिशेब मांडतां येत नाहीं. हिशेब मांडावयाचा तो एप्रिल-मेच्या पाण्यावर.

तो हिशेब कठीण नाहीं. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरावयाचें तर १०१ लिटर लागतें. भर उन्हाळ्यांत पूर्ण वाढलेल्या भाजीस रोज ७ मिलिमीटर पाणी लागतें असें धरल्यास गुंठ्यास रोजचे सुमारें ७०० लिटर झाले. आतां विहिरीकडे वळावें. सायंकाळीं पंप बंद करतेवेळीं पाण्याची पातळी दोरीनें मोजावी व सकाळीं पंप सुरू करण्यापूर्वीं पुन्हां मोजावी. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरींत रात्रींतून एक फूट पाणी चढलें तर तें सुमारें ८,९०० लिटर होतें. त्यांतून जनावरांकरितां व घरखर्चाकरितां ९०० लिटर बाजूस काढले तर भाजीस ८,००० लिटर उरले. पाटानें पाणी देणाऱ्याचें निम्में पाणी पाटांत, बांधाशीं व वाफ्याच्या टोकाशीं मुरतें असें समजल्यास गुंठ्यामागें १,४०० लिटर सोडावे लागतील, व तेवढ्या पाण्यावर साडेपांच गुंठेच होतील. ठिबक असेल तर तेंच पाणी दहा गुंठ्यांस पुरेल. ज्या सभासदानें एक एकराचा, म्हणजे चाळीस गुंठ्यांचा, बेत आम्हांस लिहून कळविला असेल त्यानें हे दोन आंकडे त्या बेताशेजारीं मांडून पाहावे.

दोरीचें माप माघांत घेतलें तर तें फसवें असतें हेंहि सांगितलें पाहिजे. माघांत एक फूट चढणारी विहीर वैशाखांत किती चढेल हें त्या विहिरीचे जुने वहिवाटदारच सांगूं शकतील. घरांतील वडील मंडळींस विचारावें. दुष्काळी सालीं कोणता दगड उघडा पडला होता याची आठवण त्यांना असते. तशी माहिती मिळत नसल्यास आजच्या मापाच्या निम्म्याहून अधिक धरूं नये असें आम्ही सुचवितों. ठिबकामुळें पाणी वाढतें अशी एक समजूत पसरलेली दिसते. ठिबक असलेलें पाणी वांचवितें. नसलेलें आणून देत नाहीं.

पाण्याखालोखाल माणसांचा प्रश्न आहे व तोहि पत्रांत येत नाहीं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला कीं फळ जून होतें, बाजारांत त्यास कोणी हात लावीत नाहीं, आणि झाडावर राहिलेलें जून फळ पुढच्या बारालाहि खीळ घालतें. हे तोडे सुरू होतात तेव्हां गव्हाची कापणी-मळणी चाललेली असते किंवा नुकती उरकलेली असते, आणि त्यामागोमाग लग्नसराई येते. गांवांत मजूर मिळत नाहीं, मिळाला तर दुपारपर्यंत थांबत नाहीं. घरच्या किती हातांनीं दर दोन दिवसांनीं पहांटे तोड होईल हें पेरणीपूर्वीं घरांत बसून ठरवावें. त्यांत घरच्या स्त्रियांचें मत घ्यावें, कारण बहुधा तें काम त्यांच्याच अंगावर येऊन पडतें. भेंडीच्या लवेनें हाताला खाज सुटते. तोडणाऱ्यांस सुती हातमोजे घेऊन देण्याची कंजूषी करूं नये.

आतां ज्या शंकांनीं पत्रें भरलेलीं असतात त्यांकडे वळूं. बीं उगवत नाहीं ही तक्रार बहुतेक वेळां थंडीची असते. भेंडी व वेलभाज्या ह्या उबेच्या प्रजा. जानेवारींतील गार रात्रीं जमीन थंड असली म्हणजे बीं रेंगाळतें. नवशिका चौथ्या दिवशीं माती उकरून पाहतो व आठव्या दिवशीं अधीरपणानें पुन्हां पाणी सोडतो. त्या जादा पाण्यानें बीं कुजतें आणि दोष दुकानदारास लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून उबदार जागीं ठेवाव्या व किती मोडावल्या तें मोजावें. कारल्याच्या बियाचें कवच टणक असतें, तें रात्रभर भिजत घालावें. वेलभाज्यांचीं रोपें लहान पिशव्यांत आडोशाला करून थंडी सरल्यावर लावलीं तर पंधरवडा वांचतो आणि पाण्याचाहि तितकाच बचाव होतो.

फुलें गळण्याची धास्ती तर निव्वळ अपरिचयाची आहे. काकडी, दोडका, कारलें, दुधी ह्यांच्या वेलांवर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात आणि प्रथम येतात तीं बहुधा नरच. तीं एक दिवस उमलून गळणारच. त्यांना फळ धरावयाचेंच नसतें. ज्या फुलाच्या मागें इवलेंसें फळ दिसतें तें मादीफूल. त्याची वाट पाहावी. मादीफुलेंहि गळूं लागलीं तर मात्र दोन गोष्टी तपासाव्या: पाण्याचा ताण पडला काय, आणि मधमाशा येतात काय. सकाळच्या प्रहरीं विषारी फवारा मारणारा मनुष्य आपल्याच वेलावर फळ धरविणाऱ्या मजुरांस हांकलून लावीत असतो.

येथें फवाऱ्याविषयीं आम्हांस थोडें कठोर बोलावें लागत आहे. ऊस किंवा कापूस पिकविणाऱ्यास औषध मारून महिनाभर शेताकडे न पाहण्याची संवय असते. भाजीचें तसें नाहीं. प्रत्येक औषधाच्या वेष्टणावर फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवस जाऊं द्यावे हें छापलेलें असतें. जी भेंडी एक दिवसाआड तोडावयाची तिच्यावर सात दिवस थांबावयास सांगणारें औषध मारलें, तर मधले तीन तोडे फेंकून देणें भाग आहे. तें कोणी फेंकीत नाहीं हें आम्ही जाणतों, आणि घरापुरती भाजी वेगळ्या वाफ्यांत बिनफवाऱ्याची ठेवणारे गृहस्थ आमच्या माहितींत आहेत. त्यांनीं तो वेगळा वाफा ठेवण्याचें कारण आपल्या गिऱ्हाइकास सांगावयाचें धैर्य करावें, नाहीं तर सर्व शेतास त्याच वाफ्याप्रमाणें वागवावें. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या रोग, ज्यास कोणी केवडा म्हणतात, पांढऱ्या माशीनें पसरतो. एकदां लागलेला रोग कोणत्याहि औषधानें बरा होत नाहीं. पहिलीं दोन-चार रोगट झाडें दिसतांच उपटून पुरलीं, कडेनें मक्याच्या दोन ओळी आधींच लावल्या आणि पिवळे चिकट पत्रे टांगले तर पुष्कळ काम होतें. परभणी क्रांति व अर्का अनामिका ह्या जातींची ह्या रोगास दाद न देण्याबद्दल एके काळीं मोठी ख्याति होती; तो गुण आतां पूर्वींइतका राहिलेला नाहीं, म्हणून केवळ नांवावर विसंबूं नये. वेलांवरील फळमाशीस क्यू-ल्यूरचे सापळे लावावे व डंख लागलेलीं फळें रोज गोळा करून नष्ट करावीं. भर उन्हांत वेलभाज्यांवर गंधकाची भुकटी मारूं नये, पानें करपतात.

कोणती भाजी प्रथम घ्यावी ह्याविषयीं आमचा कल गवारीकडे आहे. ती कमी पाण्यावर तग धरते, उन्हानें खचत नाहीं, आणि द्विदल असल्यामुळें जमिनीसहि कांहीं देऊन जाते. तिच्या जोडीला थोडी भेंडी असावी. टोमॅटोचा मोह मात्र पहिल्या वर्षीं टाळावा. ३५ अंशांच्या वर पारा चढूं लागला व रात्रीहि तापूं लागल्या म्हणजे टोमॅटोची फळधारणा घटते, आणि पांढरी माशी त्यावर पानें मुरडणारा रोग आणते. गेल्या वैशाखांत टोमॅटो कोणत्या भावानें गेला ही कथा चावडीवर फार रंगते. त्या भावाला एकरी उत्पन्नानें गुणून कर्ज काढणारा मनुष्य हें विसरतो कीं ती कथा शेजारच्या दहा गांवांतहि रंगलेली आहे.

विक्रीची गोष्ट निघालीच म्हणून सांगतों. २०१६ सालापासून महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजारसमितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक आहे. पांच-सहा गुंठ्यांची भाजी आठवड्याच्या बाजारांत व आसपासच्या वस्तींत सहज खपते. तिला मोठ्या शहराची वाट धरावी लागत नाहीं. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां पेरल्यास तोडाहि एकदम अंगावर येत नाहीं. अडचण निराळीच आहे. उसाचें बिल बँकेंत जमा होण्याची संवय झालेल्या खातेदारास पाटी पुढें ठेवून बाजारांत बसणें कमीपणाचें वाटतें. हा कमीपणा कोठून आला हें आम्हांस कधींच उमगलेलें नाहीं. जो व्यापारी तीच भाजी विकत घेऊन त्याच बाजारांत बसतो त्यास तो वाटत नाहीं.

खताविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. चांगलें कुजलेलें शेणखत गुंठ्यास सुमारें २०० किलो घालावें. ताजें शेण घालूं नये, त्यानें हुमणी व तण यांचीच वाढ होते. वाफ्यांवर उसाच्या पाचटाचें आच्छादन करावें. पाचट जाळणाऱ्या सभासदांस हें वाचून निदान चार भारे राखून ठेवण्याची बुद्धि होवो.

राहतां राहिली सामाईक विहिरीची गोष्ट. आमच्या पुष्कळ सभासदांची विहीर दोन किंवा तीन भावांची आहे, व पाळी ठरलेली असली तरी ती उसाच्या हिशेबानें, आठ-दहा दिवसांची. भाजीला चैत्र-वैशाखांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पाणी लागतें. तेव्हां वर सांगितलेला ८,००० लिटरांचा आंकडा हा अखंड विहिरीचा आहे. तुमचा वांटा तिसरा असेल तर गुंठेहि तिसरेच धरले पाहिजेत. थोरल्या भावाशीं किंवा चुलत्यांशीं हें बोलणें माघांत, विहीर भरलेली असतांना, गोडीगुलाबीनें होऊं शकतें. वैशाखांत पंपाच्या पेटीपाशीं उभें राहून तें होत नाहीं. पाळीचे दिवस व तास कागदावर लिहून, वीज रात्रींची असेल तर रात्रीं कोणी उठावयाचें हेंहि त्यांत घालून, सर्वांच्या सह्या घ्याव्या आणि मगच वाफे पाडावे.

वेलांच्या मांडवास बांबू वापरावे कीं तार, याविषयीं तीन सभासदांनीं विचारलें आहे. त्याचें उत्तर खर्चाच्या तपशिलासह पुढील अंकीं देऊं.