हेन्री मार्टिनचा ‘त्याग’: एका लाडक्या कथेची उलटतपासणी (धागा)

१/ मिशनऱ्यांच्या चरित्रांत हेन्री मार्टिनची कथा ठरलेल्या साच्यात येते. केंब्रिजचा बुद्धिमान तरुण पाद्री, कॉर्नवॉलमधील प्रेयसी, ईश्वराची हाक. आणि प्रेमाचा त्याग करून त्याने धरलेली हिंदुस्थानची वाट. कथा हृद्य आहे, पण कागदपत्रांपुढे ती टिकत नाही. शिवाय ती एका स्त्रीवर अन्याय करते.

२/ आधी माणसाची ओळख. जन्म १७८१, ट्रूरो. १८०१ साली तो केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिला आला, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’ झाला. हाच मान १८९९ साली आपल्या रघुनाथराव परांजप्यांनी मिळवला. १८०३ मध्ये मार्टिनने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि चार्ल्स सिमियन या नामांकित उपदेशकाच्या हाताखाली तो काम करू लागला.

३/ लिडिया ग्रेनफेल मॅरेझायन गावची, त्याच्याहून सुमारे सहा वर्षांनी मोठी. पूर्वी एका वकिलाशी तिचा वाङ्निश्चय होऊन मोडला होता. तरीही तो गृहस्थ अविवाहित आहे तोवर आपण वचनातून सुटलो नाही, असे ती मानी. तिच्या आईलाही मार्टिनचे स्थळ पसंत नव्हते.

४/ आता पहिला प्रश्न: धर्माने त्याला विवाहाची मनाई केली होती काय? मुळीच नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये पाद्र्यांचे विवाह सोळाव्या शतकापासून रूढ होते. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बायकामुलांसह बंगालमध्ये उतरला होता. रिचर्ड सेसिल या ज्येष्ठ पाद्र्याने तर अविवाहित जाणे हा वेडेपणा ठरेल, असे मार्टिनला बजावले होते.

५/ मग पैशाची अडचण? १८०४ मध्ये वडिलोपार्जित पैसा बुडाला आणि अविवाहित बहिणीचा भार त्याच्यावर आला. म्हणूनच मिशनरी होण्याऐवजी त्याने ईस्ट इंडिया कंपनीची पाद्र्याची नोकरी धरली. या नोकरीच्या पगारात संसार सहज चालला असता. अडसर तिथेही नव्हता.

६/ अडसर होता तो त्याच्या मनात. त्याची दैनंदिनी वाचा: लिडियाविषयीची ओढ म्हणजे ईश्वराच्या जागी माणसाची पूजा, ही शंका त्याला सतत छळते. तशी आज्ञा कोणत्याही धर्मपीठाने दिली नव्हती. ऑगस्ट १८०५ मध्ये जहाज फालमथला खोळंबले असता तो तिला भेटला आणि कसलेही वचन न देता-घेता निघाला.

७/ कथा इथे थांबते. कागद थांबत नाहीत. जुलै १८०६ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरहून (सेरामपूर) त्याने लिडियाला पत्राने रीतसर मागणी घातली आणि हिंदुस्थानात बोलावले. उत्तर हाती पडले ऑक्टोबर १८०७ मध्ये: नकार. त्याग केलेल्या गोष्टीसाठी कोणी सव्वा वर्ष टपालाची वाट पाहत नाही. त्याने मागितले आणि तिने नाकारले, एवढेच सत्य आहे.

८/ ‘त्याग’ शब्दाने हा नकार पुसला जातो आणि निर्णय घेणारी स्त्री केवळ सोडून दिलेली वस्तू उरते. आईच्या संमतीविना, लग्नाच्या नुसत्या भरवशावर, अनेक महिन्यांचा समुद्रप्रवास एकटीने करायचा होता तिला! शिवाय तिची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याइतकीच कठोर होती. ओढ आणि पापभीती यांची तीच झुंज तिच्याही दैनंदिनीत आहे.

९/ मग हे इतकी वर्षे दिसले का नाही? मार्टिनचे चरित्र १८१९ मध्ये आले. लिडिया १८२९ मध्ये अविवाहित वारली आणि तिच्या दैनंदिनीचे उतारे छापले गेले १८९० साली! सत्तर वर्षे खटल्यात एकाच बाजूची साक्ष चालू होती.

१०/ जानेवारी १८११ मध्ये मार्टिन कलकत्त्याहून मुंबईकडे निघाला. जहाजावर सहप्रवासी होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्याला चाललेला. नकाराला तीन वर्षे उलटली होती. तरी त्या प्रवासातूनही मार्टिनचे पत्र लिडियाला गेलेच.

११/ कोणी म्हणेल, ‘मग त्याची निष्ठा खोटी होती काय?’ तसे कोण म्हणते? बायबलच्या नव्या कराराचे त्याचे उर्दू भाषांतर आणि १८१२ मध्ये शिराझला पुरे झालेले फारसी भाषांतर ही असामान्य कामे आहेत. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे तो वारला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पण काम थोर म्हणून त्याभोवतीची प्रेमकथा खरी ठरत नाही.

१२/ इतिहासात ‘त्याग’ हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. जे त्यागले म्हणतात, ते त्याला मिळणार होते काय? नकाराचा अधिकार कोणाचा होता? आणि कोणाचे कागद आधी छापले गेले? आपल्याकडच्या संत, वीर आणि देशभक्तांच्या चरित्रांनाही हीच कसोटी लावून पाहा. काही चरित्रे तिला उतरतील. काहींत मात्र एखादी लिडिया सापडेल, जिचा निर्णय दुसऱ्याच्या पुण्याईच्या खाती जमा झालेला आहे.