रकान्यातली अबोली

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ‘हे शिकून पुढे काय करणार?’ असे विचारण्याचा हक्क पाहुण्यारावळ्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु अलीकडे आपल्या वाशी-तुर्भे-महापे भागात या प्रश्नाला एक उत्तर तयार झाले आहे आणि ते देताना आपल्याच वर्गातली मुलेमुली उगाच आवाज खाली आणतात. ‘कॅटलॉगचं काम करतो,’ एवढे पुटपुटून विषय बदलतात. मीही गेले दीड वर्ष कॉलेज सुटल्यावर हेच काम करतो आहे. हे काम हलके आहे असे मला वाटत नाही. ते ज्या रीतीने करवून घेतले जाते ती रीत मात्र हलकी आहे, आणि याविषयी आपण कला शाखेच्या लोकांनी बोलावयास हवे, असे माझे मत आहे.

काम काय, ते आधी सांगतो. दुकानदाराला आपला माल इंटरनेटवरच्या बाजारात मांडावयाचा तर त्या बाजाराला एक लांबरुंद तक्ता भरून द्यावा लागतो. एका वस्तूला एक ओळ. ओळीत वस्तूचा सांकेतिक क्रमांक, नाव, किंमत, रंग, माप, कापडाचा किंवा धातूचा प्रकार, आणि त्यापुढे छायाचित्रांचे रकाने: एक मुख्य, बाकीची दुय्यम. रकान्यात चित्र चिकटवायचे नसते. ते जिथे साठवले आहे तिथला पत्ता लिहायचा असतो. एकच साडी पाच रंगांत असली तर तिच्या पाच ओळी आणि त्यांच्या डोक्यावर एक पालक-ओळ. प्रत्येक लेकराने आपल्या ओळीत पालकाचा क्रमांक सांगायचा. न सांगितल्यास ते बाजारात पोरके हिंडते. मुख्य चित्राचे नियम मोठे सोवळ्याचे. ॲमेझॉनचा नियम असा, की पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्हींचा आकडा २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. चित्राची लांब बाजू निदान १००० पिक्सेल असली तर गिऱ्हाइकाला ते मोठे करून न्याहाळता येते.

आता यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा तुर्भ्याच्या धान्य बाजारात जाऊन यावे. मुंबईची गर्दी हटावी म्हणून तिथले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आणले गेले. फळे आणि भाजीपाला १९९६ साली आला. धान्याच्या गाळ्यावर पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात. व्यापारी ते तळहातावर फिरवतो, एखादा दाताखाली धरतो, मग भाव बोलतो. ती मूठ म्हणजे वानगी. आपण निबंधात ‘वानगीदाखल’ असे ठोकून देतो ती हीच. नव्या बाजारात गिऱ्हाइकाच्या तळहातावर दाणा येत नाही, चित्र येते. म्हणजे त्या तक्त्यातला छायाचित्राचा रकाना हीच वानगी झाली. ती चुकली की पुढचा सगळा सौदा चुकला.

आणि ती चुकते फार सहज. मोबाइलवर काढलेल्या चित्राला तारीख आणि आकडे जोडून यंत्रच नाव देते. दोघांनी दोन मोबाइलवर चित्रे काढली की एकाच नावाची दोन चित्रे निघू शकतात आणि नंतरचे आधीच्याला गिळून टाकते. यापेक्षा वाईट प्रकार ओळी क्रमवार लावताना होतो. सगळा तक्ता न निवडता एकच रकाना निवडून वर-खाली केला, तर तो रकाना हलतो आणि शेजारचे जागच्या जागी राहतात. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात पितळी भांड्यांच्या एका व्यापाऱ्याचा तक्ता असाच विस्कटला. समईच्या ओळीत तांब्याचे चित्र, तांब्याच्या ओळीत पळी. तक्त्यावर लाल खूण कुठेही उठली नाही, कारण यंत्राच्या लेखी प्रत्येक पत्ता अगदी बरोबर होता! गिऱ्हाइकांनी चित्र पाहून माल मागवला आणि उघडून पाहिल्यावर परत पाठवला. ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-व्यापार नियमांप्रमाणे जाहीर केल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येत नाही. नियम रास्तच आहे. पण जाण्यायेण्याचे भाडे त्या व्यापाऱ्याच्या माथी बसले, आणि तक्ता भरणाऱ्याला त्याचे तोंडही ठाऊक नव्हते.

एक्सेलच्या स्वतःच्या खोडी आहेतच. भारतात नोंदलेले बारकोड ८९० ने सुरू होतात आणि तेरा आकडी असतात. ते साध्या रकान्यात घातले की एक्सेल त्यांचे ‘८.९०ई+१२’ असे काहीतरी करून दाखवते, आणि तशीच फाइल साध्या मजकुराच्या रूपात जतन केली की मूळ आकडे गेले ते गेलेच. क्रमांकाच्या आरंभीचे शून्य ते निरुपयोगी समजून गाळते. ‘३-५’ असा सांकेतिक क्रमांक दिला तर त्याची तारीख होते. हे आपल्यासारख्यांनाच भोवते असे नाही. मानवी जनुकांची काही नावे एक्सेलमध्ये मार्च-सप्टेंबरच्या तारखा होऊन बसत. शेवटी २०२० साली शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने नियम बदलून त्या जनुकांनाच नवी नावे दिली. जिथे शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे तुर्भ्याच्या गाळेवाल्याने काय करावे? त्याने रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा करून मगच आकडे भरावेत; हे शिकायला पाच मिनिटे लागतात, पण ती पाच मिनिटे त्याला कोणी देत नाही.

इथवरच्या चुका दक्षतेने टळतात. माझे खरे दुखणे रंगाच्या रकान्यापाशी आहे.

अबोली हा रंग तक्त्यात कुठे बसवावा? ठरीव यादीत नारिंगी आहे, गुलाबी आहे. अबोली दोहोंत बसत नाही. तीच गत आमसुलीची, मोरपंखीची, शेवाळीची. आमच्याकडे सरसकट पद्धत अशी, की यादीतला जवळचा इंग्रजी शब्द उचलावा आणि पुढच्या ओळीला लागावे. गंमत अशी, की अशा बहुतेक तक्त्यांत रंगाचे दोन रकाने असतात. एक ठरीव यादीतला, गाळणी लावण्यासाठी. दुसरा मोकळा, विक्रेत्याने आपला रंग आपल्या शब्दांत सांगण्यासाठी. दुसऱ्यात ‘अबोली’ लिहायला कोणाचीही आडकाठी नाही. तरी तिथेही नारिंगीच पडते, कारण ओळीमागे पैसे मिळतात आणि विचार करायला वेगळे पैसे नाहीत. मग ठाण्या-डोंबिवलीतली एखादी बाई बहिणीच्या ओटीभरणासाठी अबोली साडी शोधते, तिला ती सापडत नाही, आणि ज्याने ती विणून घेतली त्याच्या कपाटात ती पडून राहते.

पैठणीचे तर विचारूच नका. येवल्याहून आलेल्या मालाची चित्रे मी पाहिली आहेत. पदरावरचा मुनिया आणि बांगडी-मोर यांतला फरक तक्त्याला कळत नाही, दोन्ही ‘पक्षी’. हातमागावरची अस्सल पैठणी उलट बाजूनेही सुलटीसारखीच स्वच्छ दिसते, आणि यंत्रावरच्या नकलेला मागे सुटे धागे लोंबतात, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक असते. म्हणजे गिऱ्हाइकाला सर्वांत आधी दाखवायला हवे ते उलट बाजूचे चित्र. तेच कोणी मागत नाही! दुय्यम चित्रांचे रकाने रिकामे असतात, पण त्यात मुख्य चित्रच जरा तिरके करून पुन्हा टाकतात. धूपछाव कापडाचे उभे-आडवे धागे दोन रंगांचे असल्यामुळे ते उजेडाप्रमाणे रंग पालटते. त्याची दोन चित्रे हवीत आणि कोणते कोणत्या उजेडातले ते लिहायला हवे. विणकराने महिनोन् महिने मागावर बसून केलेली गोष्ट आपण चाळीस सेकंदांत ‘पर्पल, सिल्क, वन पीस’ अशी उरकतो, आणि तिची नक्कल शेजारच्या ओळीत त्याच शब्दांनी उरकलेली असते. फरक उरतो तो किमतीचा, आणि साहजिकच नक्कल विकली जाते.

वस्तूला नेमके नाव देणे आणि ती योग्य वर्गात घालणे हे कारकुनी काम आहे, असे आपल्या पूर्वजांना वाटले नव्हते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश झाला, त्यात राजवर्ग आणि दुर्गवर्ग यांच्या पंक्तीला पण्यवर्गही आहे. पण्य म्हणजे विकावयाचा माल. ज्याला राज्य उभे करायचे होते त्याला बाजारातल्या जिनसांच्या नावांची फिकीर होती. आपल्या अभ्यासक्रमात त्या कोशाचे नाव येते, गुण मिळतात, आणि कॉलेज सुटल्यावर आपण जाऊन अबोलीला नारिंगी करतो.

आमच्या एका प्राध्यापकांशी यावर बोलणे झाले. ते म्हणाले, ‘अरे, महाविद्यालय कारकून घडवायला नाही, आणि हे काम उद्या यंत्रच करील.’ पहिले मला मान्य आहे. दुसरे अर्धेच. यंत्र आजच पार्श्वभूमी पुसून पांढरी करते आणि पक्षी ओळखते. पण उलट बाजूचे चित्र काढा, हे ते सांगत नाही, कारण त्याला शिकवलेल्या तक्त्यांत तो रकानाच नाही. आणि ते तक्ते भरले आहेत आपल्यासारख्यांनीच, ओळीमागे पैसे घेऊन.

म्हणून मला वाटते, ओळीचा दर जाऊन दिवसाचा पगार यावा यासाठी हे काम करणाऱ्या मुलांनी एकत्र बोलावे. आणि तक्ता बाजारात जाण्याआधी माल ज्याचा त्याने तो एकदा डोळ्यांखालून घालावा, अशी अट कार्यालयांकडून मान्य करून घ्यावी. चित्रे काढताना प्रत्येक वस्तूच्या आधी तिच्या क्रमांकाची चिठ्ठी टिपावी, एवढ्यानेही निम्मा गोंधळ मिटेल. महाविद्यालयाकडे मागणे लहान आहे: शनिवारी दुपारी संगणक कक्ष उघडा मिळावा आणि मराठी विभागाने आमच्यासोबत बसून रंगांच्या मराठी नावांची चित्रांसह यादी करावी. सुरुवात आम्ही केली आहे. अबोली, आमसुली, मोरपंखी, शेवाळी यांवर एकमत झाले. चिंतामणीवर मात्र वर्गात दोन तट पडले आहेत. एक त्याला निळ्याकडे ओढतो, दुसरा जांभळ्याकडे, आणि दोघांच्याही घरी आईची साडी पुराव्याला आहे.