तोतया अधिकारी आणि भयाचे भांडवल

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून एका तोतयाने पेशवाईला काही वर्षे सतावले. त्याला निदान आपला चेहरा लोकांपुढे न्यावा लागला होता. आजच्या तोतयाला तेवढेही कष्ट नाहीत; दूरध्वनीवरून प्राप्तिकर अधिकाऱ्याचा दरडावणारा आवाज काढला की त्याचे काम भागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून तिकडच्या नागरिकांना अटकेची धमकी दिली जात होती आणि भेटकार्डांच्या रूपाने पैसे उकळले जात होते. जी युक्ती अमेरिकेतील करदात्याला फसवू शकली, ती उमरगा-परंड्याच्या शेतकऱ्याला फसवणार नाही, असे मानणे भोळेपणाचे होय.

किंबहुना धाराशिव जिल्ह्यात हा धोका अधिकच संभवतो. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने शेतीवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांचा त्या खात्याशी कधी संबंधच येत नाही. पॅन कार्ड मात्र बँकेच्या व्यवहारापायी घरात आलेले असते. खात्याची रीत ठाऊक नाही, धाक मात्र ठाऊक आहे, अशा मनःस्थितीवरच तोतयाचे भांडवल उभे राहते. ‘परतावा मंजूर झाला, लिंक उघडा’ हे आमिष आणि ‘दंड भरा, नाहीतर अटक’ ही धमकी, दोन्ही एकाच माळेचे मणी.

खऱ्या अधिकाऱ्याची खूण सोपी आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्रांवर संगणकीय ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. खरे खाते नोटीस देते, उत्तराला मुदत देते. ओटीपी वा एटीएमचा गुप्त क्रमांक विचारीत नाही. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

तरीही पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वीच ती गोठविता येण्याची आशा असते. पैसे गेले नाहीत तरी संशयास्पद फोनची तक्रार ‘संचार साथी’वर करता येते. लोकसेवकाची तोतयेगिरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. परंतु लोकलज्जेपायी तक्रारच झाली नाही, तर हे कलम लावायचे कोणाला? फसलेल्याला हसणाऱ्या गावाने याचा विचार केला पाहिजे. हा क्रमांक आणि या खुणा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर व बँकेच्या दारात ठळक मराठीत लावणे, एवढे तरी जिल्हा प्रशासनाने विनाविलंब करावे.