रूळ बदलण्याआधी

काय दोस्तांनो, मुदखेड जंक्शन पाहिलंय का कधी? नांदेडहून निजामाबादकडे जाताना हे स्टेशन लागतं. भोकर, किनवट करत आदिलाबादला जाणारा फाटा इथूनच फुटतो. आज तिथे ब्रॉडगेज आहे. पण आजोबांना विचारा, ते सांगतील, पूर्वी मीटरगेज होती. दोन रुळांमधलं अंतर फक्त १ मीटर. १९९२ साली रेल्वेने देशभर शक्यतो एकच माप ठेवायचं ठरवलं आणि पुढे इथलेही रूळ बदलले. आता अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर.

गंमत अशी, की जुना डबा कितीही धडधाकट असला तरी तो तसाच्या तसा नव्या रुळांवर चालत नाही. म्हणून रूळ उखडण्याआधीच ठरवावं लागतं : गाड्या कधी थांबवायच्या? प्रवाशांची सोय काय? पूल तपासले का? संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हे रूळच बरं का! आपली सगळी सॉफ्टवेअरं तिच्यावर धावतात.

समजा, मुदखेडला तुमच्या काकांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. संगणकावर विंडोज १०. त्यात दहा वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि गिऱ्हाइकांचे फॉर्म. तुम्ही म्हणालात, "काका, नवं विंडोज टाकू या." काका म्हणणार, "चालू हाय ना? मग कशाला हात लावायलास?"

काकांचं निम्मं बरोबर आहे! नवं आलं म्हणून लगेच टाकायचं, याला काही अर्थ नाही. पण 'चालू आहे' एवढंही पुरेसं नाही. विचारायचं ते हे, की जुन्या रुळांची डागडुजी कोणी करतंय का? ऑपरेटिंग सिस्टिममध्ये भोकं सापडतच असतात आणि कंपनी ती बुजवत असते. ज्या दिवशी ते थांबतं, त्या दिवसापासून धोका वाढत जातो. विंडोज एक्सपीचा तो दिवस होता ८ एप्रिल २०१४. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२०. आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली. काकांच्या संगणकात काय आहे, ते पाहायचंय? विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा, डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करा आणि एंटर मारा.

भोक न बुजवल्याने काय होतं? मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक मोठं भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. अनेकांनी ती घेतलीच नाही. मे महिन्यात त्याच भोकातून 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यात हेच भोक होतं. आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने थांबवलं!

म्हणजे बदलायचं हे नक्की. पण कसं?

पहिलं, बेत आखा. लग्नसराई आणि फॉर्म भरायची गर्दी असताना हात लावू नका. निवांत दिवस बघा आणि वीज जाणार असेल तर इन्व्हर्टरची सोय करा.

दुसरं, सगळ्या फाइल्सच्या दोन प्रती काढा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी. प्रत काढून गप्प बसू नका, दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. एक फसगत नेहमी होते. "फॉरमॅट मारला की झालं," असं कुणी म्हणतं आणि मारतंही. डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइल्स बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतात. सी पुसला, की त्याही गेल्या!

तिसरं, आणि आपल्या मराठीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉण्टमध्ये असतील, तर त्या फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. फॉण्ट नसला, की 'शुभविवाह'च्या जागी नुसती अगम्य चिन्हं! म्हणून फॉण्टच्या फाइल्सही जपा. एकेका पत्रिकेची पीडीएफ करा आणि नवीन मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. काही जुनी सॉफ्टवेअरं डोंगल नावाचं छोटं कुलूप लावल्याशिवाय चालत नाहीत. ती नव्या विंडोजवर चालतील का, हे आधीच विचारून घ्या. प्रिंटरचंही तेच.

चौथं, संगणक पात्र आहे का बघा. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे सांगतं. पात्र असेल, तर विंडोज १० वरून थेट बदल करता येतो आणि फाइल्स जागेवर राहतात. काही बिघडलं, तर पहिल्या १० दिवसांत मागे फिरायचीही वाट असते. म्हणून त्याच दहा दिवसांत पत्रिका छापून बघा, स्कॅन करून बघा.

पात्र नसेल, तर भंगारात टाकू नका. नेट काढून त्याच्यावर फक्त जुन्या पत्रिका उघडा. नाहीतर फुकट मिळणारी लिनक्स टाका. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सच आहे. मात्र विंडोजची सॉफ्टवेअरं तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे आधी काकांना सांगा.

तर दोस्तांनो, या रविवारी एक कागद घ्या. संगणकावर रोज कोणकोणती कामं होतात, ती काकांना किंवा आई-बाबांना विचारून लिहून काढा. प्रत्येक कामापुढे लिहा : नव्या रुळांवर चालेल, चालणार नाही की विचारावं लागेल? तो कागद भरला, की कधी बदलायचं हे काका स्वतःच सांगतील. आणि "कशाला हात लावायलास?" असं मुळीच म्हणणार नाहीत!